सहस्रकुंडाकाठचा एक दिवस

यवतमाळच्या माणसाला समुद्र ही गोष्ट तशी ऐकीवच. कधी मुंबईला साडूकडे गेलो तर चौपाटीवर जाऊन पाय ओले करून यायचे, मुलांनी शिंपले वेचायचे आणि घरी आल्यावर त्या शिंपल्यांवर पुढे दोन वर्षे खिडकीत धूळ साचू द्यायची, एवढाच आमचा आणि रत्नाकराचा परिचय. जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मध्ये कापूस, तूर, सोयाबीन आणि सागाची राने. पाण्याची हौस भागवायची तर नदीवर जावे, नाहीतर एखाद्या धरणावर. तेव्हा आमचे नाना गेल्या उन्हाळ्यात थेट ग्रीस देशाचा समुद्र पाहून आले, त्या वेळी आमच्या संध्याकाळच्या बैठकीत केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना पुण्या-मुंबईच्या वाचकांना सहजी यायची नाही.

नानांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने आईवडिलांना बोलावून घेतले आणि रजा काढून ग्रीसला नेले. अथेन्स झाले, तिथला टेकडीवरचा भग्न देवालयांचा पसारा झाला. पण नानांच्या मनात भरले ते एका दिवसाच्या सहलीत पाहिलेले समुद्रकाठचे एक लहानसे गाव. मुलाच्या मित्रमंडळींबरोबर सकाळी निघाले आणि रात्री परत आले, एवढीच ती सहल. त्या गावाचे नाव नानांनी आम्हाला तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा ते निराळे होते. फोटो मात्र दर वेळी तेच, आणि ते दोनशेच्या वर होते.

चुन्याने शुभ्र रंगवलेली घरे, निळी दारे, बोळाबोळांतून झोपलेली मांजरे, दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस. “आपल्याकडे पापड-कुरड्या घालतात ना, अगदी तसे,” हे नानांचे भाष्य. तिथे बडीशेपेच्या वासाची एक दारू मिळते, तिच्यात पाणी घातले की ती दुधासारखी पांढरी होते, हेही त्यांनी सांगितले. “मी नुसती पाहिली,” असे ते वर म्हणाले. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

“आणि तो समुद्र इतका शहाणा, की जागचा हलत नाही,” नाना म्हणाले. “सकाळी होता तिथेच संध्याकाळी.”

“भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच,” मास्तर म्हणाले. मास्तरांनी पस्तीस वर्षे भूगोल शिकवला आहे आणि निवृत्तीनंतरही तास चालूच आहे.

आमच्यातले चौथे बापू. बँकेत होते. माणूस अत्यंत मितभाषी. हिशेबाची वही मिटल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही, अशी त्यांची समजूत असावी. दोनशे फोटोंत बापूंनी फक्त एकदा “थांबा” म्हटले. तो फोटो एका दाराचा होता. निळा रंग जागोजाग उडालेला, कडीला गंजलेले कुलूप, उंबऱ्यावर वाळका पाला.

“हे घर कोणाचे?” बापूंनी विचारले.

“मला काय ठाऊक बुवा,” नाना म्हणाले आणि पुढचे मांजर दाखवू लागले.

दारावरून सांगायचे राहिले. बापूंचे घर चारचौघांसारखे सिमेंटचे, कॉलनीतले. पण त्याच्या दर्शनी भिंतीला जी चौकट बसवली आहे ती कुठल्यातरी जुन्या वाड्याची असावी अशी आहे: सागाची, हातभर जाड, वर वेलबुट्टी कोरलेली आणि इतकी ठेंगणी, की वाकल्यावाचून आत जाता येत नाही. गेल्या तीस वर्षांत माझे कपाळ त्या चौकटीवर किती वेळा आपटले असेल, याची गणती नाही. आमच्या मंडळींत त्यावरून थट्टाही पुष्कळ झाली. बापू फक्त “वडिलांनी आणलेली आहे” एवढे म्हणत आणि आतून चहा मागवीत.

ग्रीस देशाचा चौथा प्रयोग चालू असताना मास्तरांचा धीर सुटला. “नाना, पुरे झाले तुमचे ते गाव! आपल्या जिल्ह्यात सहस्रकुंड आहे. ते कोणी पाहिले आहे?”

सगळे गप्प. आमच्यापैकी दोघांचा जन्म यवतमाळचा. तिरुपती, काशी, म्हैसूर, एकाचे तर ग्रीससुद्धा झालेले. पण आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला पैनगंगा कड्यावरून उडी घेते तिथे जाण्याचे कोणाला सुचले नव्हते. ओशाळलो आणि तिथल्या तिथे बेत ठरला. पोळा झाला की येणारा पहिला रविवार. नदीला पाणी भरपूर असते. बायकामंडळींनी साफ नकार दिला. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, घरात डबे घासायला काढलेले, अशा वेळी कोण कुठले कुंड पाहायला जाणार? बापूंनीही आधी गुडघे दुखतात, मग नातवाचे काहीतरी आहे, अशा सबबी सांगितल्या. पण रविवारी पहाटे पाच वाजता बोलेरो त्यांच्या दारात उभी राहिली, तेव्हा ते हातात पितळी फिरकीचा तांब्या घेऊन पायरीवर बसलेलेच होते.

“पाण्याच्या बाटल्या आहेत की गाडीत,” मी म्हटले.

“असू द्या,” ते म्हणाले.

यवतमाळहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जातो. आता तो चांगला रुंद झाला आहे आणि पूर्वी ज्या प्रवासात एक अख्खी सकाळ जाई तो चहाच्या दोन थांब्यांत आटोपतो. आर्णीला कंबलपोष बाबांचा दर्गा आहे. उरुसाला इथे सगळ्या धर्मांची माणसे लोटतात. मास्तरांनी गाडीतूनच हात जोडले आणि पलीकडच्या टपरीवर चहा पाजला. उजाडू लागले तशी दोन्ही बाजूंची शेते दिसू लागली. पऱ्हाटीला पिवळी फुले आली होती. सोयाबीन गुडघ्याच्या वर गेले होते आणि बांधावरच्या तुरी अजून आपला उंचीचा तोरा मिरवायच्या होत्या. पोळ्याचे रंग बैलांच्या शिंगांवर ताजे होते. एका बैलजोडीच्या कपाळावरचे बाशिंगही तसेच होते आणि मालक त्यांना तशाच थाटात डवऱ्याला जुंपून घेऊन चालला होता.

वाटेत एके ठिकाणी रेल्वेचा नवा भराव दिसला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे हे काम. वर्ध्याकडून कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळकरांना रेल्वे म्हटली की आठवते ती मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला, अडीच फुटी रुळांवरून कापसाच्या गाठी आणि वऱ्हाडी माणसे सारख्याच सावकाशीने वाहून नेणारी. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. धावत होते हा शब्द आपला उगीच; चढावर माणसे उतरून तिच्याबरोबर चालत, असे आम्ही अभिमानाने सांगतो. आता तीही बंद आहे.

उमरखेडला आम्ही मोठा रस्ता सोडला. ढाणकी, मग बिटरगाव, आणि तिथून पुढे रान. या मुलखाला बंदी भाग म्हणतात. पैनगंगा इथे एक लांबलचक वळसा घेते आणि त्या वळशाच्या पोटात हे सागाचे जंगल, आंध, गोंड, बंजारा लोकांच्या वस्त्या, अभयारण्याच्या पाट्या आणि मधूनमधून ओढे. रस्त्याविषयी न बोललेले बरे. आमचा ड्रायव्हर ढाणकीकडचाच एक हसतमुख पोरगा होता, तो म्हणाला, “काका, पोटातला चहा सांभाळा, आता ताक होऊन राह्यलं त्याचं.” पण दोन्ही बाजूंना साग फुलला होता. सागाचे फूल एकेकटे पाहिले तर काहीच नाही, बारीक पांढरा ठिपका. पण अख्ख्या रानावर ते तुरे आले, की भाताच्या पेजेवर फेस यावा तसे डोंगर दिसतात. नानांनी खिडकीतून फोन काढून वीस-पंचवीस फोटो घेतले. मास्तरांनी हळूच मला कोपराने ढोसले. ग्रीसच्या पुढे यवतमाळ जिल्ह्याचा पहिला गुण लागला होता.

मुरली गावाच्या अलीकडे ड्रायव्हरच्या मामाचे शेत होते. रोडग्यांचा बेत तिथे होता. ज्या वाचकांनी वऱ्हाडातले रोडगे खाल्ले नसतील त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की जाडसर दळलेली कणीक घट्ट भिजवायची, तिचे तेल लावून गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचे. वरची राख झटकली की आतून खरपूस रोडगा निघतो. तो मुठीने फोडायचा, त्यात तूप ओतायचे आणि वांग्याच्या रसरशीत भाजीत व तुरीच्या वरणात बुडवून खायचा. गोवऱ्या रात्रीच्या पावसाने सर्द झाल्या होत्या. कोठ्यात इतका धूर कोंडला, की बैलसुद्धा खोकू लागले. मामा म्हणाले, “तुमी पाणी पाहून या राजेहो, तवरोक मी पाहतो.” आमच्या मदतीचा त्यांना उपद्रवच होत होता. भाजीवर घालायला सांबार नव्हता, तो आणायला त्यांनी पोराला पिटाळले. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आमची एक पुणेरी सूनबाई सासरी नवी असताना सांबार आण म्हटल्यावर डाळ शिजायला टाकून बसली होती.)

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. आधी वाटले, दूर कुठे मालगाडी चालली आहे. पण ती संपेचना. मग झाडी संपली, पायाखाली काळा खडक आला आणि समोर पैनगंगा.

मी आजवर जे धबधबे पाहिले ते डोंगरावरून खाली येणारे. हा तसा नाही. इथे डोंगर नाहीच. सपाट मुलखातून एवढी रुंद नदी सुस्त वाहत येते आणि एकाएकी तिच्या पायाखालची जमीनच नाहीशी होते. काळ्या खडकाचे कडे मध्येच फाटले आहेत आणि त्या फटींतून, कडांवरून, जिथे वाट मिळेल तिथून पाणी खाली कोसळते. एक धार नाही. दहा, वीस, मोजाल तितक्या. उंची म्हणाल तर फार नाही, पण रुंदी आणि जोर असा, की खाली पाणी दिसतच नाही, नुसता पांढरा धूर. त्या धुरात ऊन पडले की इंद्रधनुष्याचा एक तुकडा उगवतो आणि वारा फिरला की पुसला जातो. नदीचे पाणी पावसाळ्याचे, गढूळ, चहाच्या रंगाचे. पडताना तेच लोण्यासारखे पांढरे होते. “पाणी घातल्यावर पांढरी होणारी ती तुमची दारू,” मी नानांच्या कानात ओरडलो, पण त्या आवाजात त्यांना काही ऐकू गेले नाही.

मास्तरांचा तास सुरू झाला. जवळ जवळ ओरडूनच ते शिकवत होते. हा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उफाळलेला लाव्हा, थरावर थर साचून थंड झालेला. बहुतेक महाराष्ट्राचा पाया याच दगडाचा. नदीच्या पात्रातल्या खळग्यांत गोटे अडकतात, पुराच्या पाण्याबरोबर गरगर फिरतात आणि खळगा रांजणासारखा गोल कोरीत जातात. असे हे कुंड. सहस्र म्हणजे मोजून हजार नव्हेत. एका खळग्यात हात घालून त्यांनी तळाचा एक गोटा काढून दाखवला: कोंबडीच्या अंड्यासारखा गुळगुळीत. “हा मजूर,” ते म्हणाले. “याने हे घडवले आणि घडवता घडवता स्वतः झिजला.” मग तो त्यांनी जागच्या जागी परत ठेवला. पस्तीस वर्षे खडूचे तुकडे खिशातून काढून परत खोक्यात ठेवणाऱ्या माणसाची ती सवय.

पलीकडच्या काठावर महादेवाचे देऊळ आहे. तो काठ नांदेड जिल्ह्याचा, किनवट तालुक्याचा. तिकडे इस्लापूर गाव आहे आणि आदिलाबादच्या लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशनही आहे. त्यामुळे गर्दी तिकडे जास्त. तिकडची पोरे आमच्याकडे पाहून हात हलवीत होती, आम्हीही हलवले. मध्ये फक्त नदी. पण १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत ही सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या अमलातले. पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, तिथला हाली सिक्का निराळा, कचेऱ्यांची भाषा निराळी. मास्तरांच्या वडिलांच्या तोंडून त्यांनी ऐकलेले होते, की हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत रझाकारांच्या धाकाने माणसे रातोरात नदी ओलांडून इकडे येत, आणि उमरखेडला लढणाऱ्या कार्यकर्त्यांचा तळ होता. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही काठ एका राज्यात आले. “नदीला हे कोणी कळवले असेल का?” मास्तर म्हणाले. ते फार वेळ शिकवत राहिले की असे काहीतरी बोलतात.

खडकावर एक म्हातारी मक्याची कणसे भाजत बसली होती. आम्ही चार घेतली. नाना पुढे पाण्याच्या कडेच्या एका ऐसपैस खडकाकडे निघाले, फोटोसाठी. तिने त्यांना हटकले.

“थ्या गोट्यावर नोका जाऊ, भाऊ.”

“का, माय? पाणी तर लांब आहे.”

“आता हाय. मंग ऱ्हाणार नाई.” तिने कणीस उलटे केले. “पाण्याचा रंग पाहा. पाला येऊन राह्यला. आधी पाला येते, काड्या येते, मंग फेस येते. मंग आवाज जड होते. आवाज जड झाला का इथून उठाचं.”

ड्रायव्हरने फोन काढून पाहिला. बंदी भागात फोनला आवाज असतो-नसतो, पण सकाळी उमरखेडला आलेला एक निरोप त्यात होता: काल रात्री इसापूरची दारे उघडली.

इसापूर म्हणजे वरचे धरण, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे. पुसद आणि कळमनुरी या दोन तालुक्यांच्या मध्ये नदीला आडवा घातलेला मातीचा प्रचंड बांध. १९८२ च्या सुमारास ते पुरे झाले आणि त्याच्या कालव्यांनी नांदेड-हिंगोलीकडची आणि काही आमच्या उमरखेडकडची जमीन भिजते. तेव्हापासून सहस्रकुंडाचे पाणी दोन धन्यांचे: एक पाऊस, दुसरा धरणाची दारे. हा हिशेब नानांनी तिथेच उभ्याने मांडला. रात्री दारे उघडली असतील तर पाणी एवढे अंतर तोडून दुपारपर्यंत इथे यायला हवे. त्यांनी घड्याळ पाहिले, वरच्या अंगाला नदी पाहिली आणि फोटोचा विचार सोडून मागे आले. नाना सरकारी नोकरीत इंजिनिअर होते. त्या नोकरीविषयी ते कधी फारसे बोलत नसत. पेन्शनीत गेल्यावर ते सगळे ग्रीसविषयीच बोलले.

आम्ही वरच्या खडकावर येऊन बसलो. बापू सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. तांब्या मांडीवर घेऊन ते वरच्या अंगाला पाहत बसले होते, धबधब्याकडे पाठ करून.

“इसापूरला मी होतो काही दिवस,” नाना म्हणाले. आवाजामुळे मोठ्याने बोलावे लागत होते, आणि असे काही मोठ्याने बोलणे त्यांना अवघड जात होते. “नोकरीला नुकताच लागलो होतो. बुडीत क्षेत्रातल्या घरांची मोजणी. गावोगाव हिंडायचे, घराला नंबर टाकायचा, लांबी-रुंदी लिहायची, खण किती, दारे किती, विहीर आहे का, झाडे किती. डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन एक माणूस बरोबर. पण माझे अक्षर बरे म्हणून नंबर मीच घालायचो.”

“कुठली गावे?” बापूंनी विचारले. मान वळवली नाही.

नानांनी तीन-चार नावे आठवून सांगितली. ती इथे लिहीत नाही. त्यांपैकी काही गावे आता निराळ्या जागी वसली आहेत आणि नावे तीच ठेवून नांदत आहेत. तिसऱ्या नावाला बापूंनी मान वळवली.

“आमचे,” ते म्हणाले.

तीस वर्षांच्या बैठकीत हे कधी निघाले नव्हते. निघायला कारणही नव्हते. बापू यवतमाळला कॉलेजात शिकायला आले आणि इथलेच झाले, एवढे आम्हाला माहीत. त्यांचे गाव पुसदकडचे, हेही माहीत. पुढचे आम्ही विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

“मी सुट्टीत गेलो तेव्हा नंबर पडलेला होता,” बापू म्हणाले. “चौकटीवर. आतल्या अंगाला. दिवाळीत आमची आई चौकटीला जवसाचे तेल लावी, दरसाल. त्या दिवाळीला तिने लावले ते नंबर सोडून लावले. मी म्हटले, आई, आता कशाला लावतेस, घर जायचेच आहे. ती म्हणाली, दिवाळी तर याच घरात आहे ना. आणि नंबराला का नाही लावत? तर म्हणे, सरकारी अक्षर आहे, पुसले तर हिशेबात घर सापडायचे नाही.”

नाना काही बोलले नाहीत. मास्तरही नाही. मी कणसाचे दाणे एकेक करून सोलत होतो आणि खात नव्हतो.

“अक्षर छान होते,” बापू म्हणाले.

मग थोड्या वेळाने नाना म्हणाले, “नंबर किती होता?”

“एकसष्ट.”

“आठवत नाही,” नाना म्हणाले. “खोटे कशाला सांगू. शेकड्यांनी टाकले.”

“कसे आठवेल?” बापू म्हणाले, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. “वडिलांनी बाकीचा सगळा वासा-आढे विकला. चौकट तेवढी बंडीत घालून आणली. मी घर बांधीपर्यंत ती दहा वर्षे एकाच्या गोदामात उभी होती.”

एवढ्यात म्हातारी उठली. तिने निखाऱ्यांवर पाणी मारले, टोपले डोक्यावर घेतले आणि आमच्या बाजूने वर चढू लागली. तेव्हा आमच्या लक्षात आले, की आवाज बदलला आहे. मघाचा तो मालगाडीचा खडखडाट खाली कुठेतरी बुडाला होता आणि त्याच्या जागी एक घुमणारा, छातीत लागणारा आवाज होता. जड, म्हातारी म्हणाली तसाच. वरून पाला आला, काटक्या आल्या, एक अख्खी निंदणीच्या गवताची मोळी आली. मग फेसाची एक रांग, या काठापासून त्या काठापर्यंत. नाना ज्या खडकावर फोटोला जाणार होते तो आधी कडेने ओला झाला, मग त्याच्यावरून पाण्याचा पातळ पदर सरकला, आणि मी घड्याळ पाहीपर्यंत तो खडक तिथे नव्हता. धबधब्याच्या वेगवेगळ्या वीस धारा एकमेकींत मिसळत गेल्या. फटी बुजल्या. पलीकडची पोरे ओरडत देवळाकडे पळाली. शेवटी कडा दिसेनासाच झाला. एक तपकिरी नदी उभ्या उभ्या वाकली होती आणि तिच्या वाकण्याच्या जागी पांढरा धूर, तोही आमच्या अंगावर येऊन कपडे भिजवणारा.

“हे आमच्या गावावरचे पाणी,” बापू म्हणाले. कोणाला उद्देशून नव्हे. “चाळीस वर्षांत मी तिकडे गेलो नाही. तेच इकडे आले.”

ते उठले आणि तांब्या घेऊन खाली जाऊ लागले. आम्ही तिघेही एकदम ओरडलो. पण नाना ओरडून थांबले नाहीत, त्यांच्या मागे गेले. त्यांनी पाण्याची रेघ पाहिली, मागचा खडक पाहिला, आणि जिथे पाणी येऊन परत फिरत होते अशी एक बाजूची, सुरक्षित जागा हाताने दाखवली. बापूंनी तिथे वाकून तांब्या भरला. नानांनी त्यांचे मनगट धरून ठेवले होते. सत्तरीच्या पुढचे दोन म्हातारे, एकाच्या हातात तांब्या आणि दुसऱ्याच्या हातात त्याचा हात. फोटो काढण्यासारखे होते, पण फोन नानांच्या खिशात होता.

रोडगे थंड होण्याआधी आम्ही पोचलो, हे मामांचे नशीब, कारण त्यांनी बेत बिघडल्याची तयारी केली होती. गोवऱ्या शेवटी पेटल्या होत्या. मी चार रोडगे खाल्ले, मास्तरांनी तीन. बापूंनी नेहमीप्रमाणे दोन खाल्ले आणि तिसरा नानांच्या पानात टाकला. नानांनी तो काही न बोलता संपवला. मामांनी विचारले, “कसं होतं पाणी?” आम्ही म्हटले, “चांगले होते.” दुसरे काय सांगणार?

परतीच्या वाटेत गाडीत अंधार होता. मास्तरांनी फक्त एक भूगोल सांगितला: पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. “म्हणजे आपण समुद्राच्याच वाटेवर बसलो होतो,” ते म्हणाले. नाना ग्रीसविषयी एकदाही बोलले नाहीत. महागावजवळ ड्रायव्हरनेच आपण होऊन विचारले, “काका, तुम्ही ग्रीसले गेलते म्हणे, कसं हाय तिकडं?” तर नाना म्हणाले, “चांगले आहे. दारे फार छान असतात.”

बापूंचे घर आधी लागते. रात्रीचे नऊ वाजले होते. वहिनींनी आतून दिवा लावला आणि चहा टाकते म्हणाल्या, म्हणून आम्हीही उतरलो. बापू तांब्या सांभाळत, सवयीने वाकून आत गेले. नाना चौकटीपाशीच थांबले. त्यांनी चष्मा लावला, फोनचा दिवा लावला आणि चौकटीच्या आतल्या अंगावरून तो वरून खाली फिरवला. रंगाचे दोन-तीन हात चढलेले होते. पण डाव्या बाजूला, कडीच्या वर, रंगाखालून किंचित उंच आलेले काहीतरी होते. नानांनी त्यावरून बोट फिरवले.

“सहाची शेपटी मी अजून अशीच काढतो,” ते म्हणाले.

“अहो, दारात काय उभे राहिलात? आत या ना,” वहिनी म्हणाल्या.

“आलो, आलो,” म्हणत नानांनी घाईघाईने फोन खिशात घातला, पाऊल उंबऱ्याच्या आत टाकले, आणि त्यांचे कपाळ चौकटीवर दाणकन आपटले.